सिस्टरशी भांडण्याआधी नळ कुठे आहे ते पाहा

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की काही वाक्ये आम्हाला हमखास ऐकू येतात. "सिझरचे टाके पिकले हो, सिस्टरने लक्षच दिले नाही." "सासूबाई दवाखान्याच्या संडासात पडल्या, मांडीचे हाड मोडले, कुणी बघितलेच नाही." "वडिलांजवळ पंधरा दिवस झोपलो आणि आता मलाच टीबी निघाला." या वाक्यांत बहुतेक वेळा दोषी ठरते ती समोर दिसणारी व्यक्ती. कधी सिस्टर, कधी मावशी, कधी रात्रपाळीचा शिकाऊ डॉक्टर.

आम्ही अनेक वर्षे वॉर्डात काम केले आहे, त्यामुळे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या एका शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ४० खाटा होत्या. हात धुण्याचे बेसिन एकच, तेही वॉर्डाच्या एका टोकाला, भांडारखोलीच्या मागे. दुसऱ्या टोकाच्या खाटेपासून तिथे जायचे, साबणाने नीट हात धुवायचे आणि परत यायचे, याला दोन मिनिटे लागत. एका पाळीत प्रत्येक रुग्णासाठी फक्त दोनदा हात धुतले तरी ८० वेळा धुणे झाले. म्हणजे १६० मिनिटे, जवळजवळ पावणेतीन तास. त्यातच सलाईन बदलायचे, इंजेक्शने द्यायची, ताप-नाडी लिहायची, नवीन भरती घ्यायची. आणि रात्री आम्ही दोघीच असायचो.

मग काय होत असे? हात धुणे चुकत असे. सगळ्यांचे चुकत असे, आमचेही. भिंतीवर 'हात स्वच्छ धुवा' अशी पाटी होती, पण पाटीला नळ नव्हता. पुढे प्रत्येक दोन खाटांमध्ये हातावर चोळायच्या सॅनिटायझरची बाटली अडकवली गेली. ते चोळायला २० ते ३० सेकंद लागतात आणि पाऊलभरही चालावे लागत नाही. त्याच सिस्टर, तोच पगार, तेच रुग्ण, पण हात स्वच्छ होऊ लागले. हाताला दिसणारी घाण किंवा रक्त लागले असेल तर मात्र साबण-पाणीच हवे, म्हणून नळ जवळ असण्याची गरज संपत नाही.

या लेखात आम्हाला एवढीच गोष्ट समजावून सांगायची आहे. चूक माणसाच्या हातून होते, पण त्या चुकीला जागा बऱ्याचदा इमारतीने आधीच करून ठेवलेली असते. नळ कुठे, खिडकी कुठे, खाट कुठे, दार कोणत्या बाजूला उघडते, यावर माणसे बरी होतात किंवा दगावतात. ही गोष्ट ओळखता आली तर आपली मागणीही नेमकी होते.

तथागतांची पाहणी

विनयपिटकातली एक कथा आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही ती घेतली आहे. आनंदाला सोबत घेऊन तथागत भिक्खूंच्या राहण्याच्या जागांची पाहणी करत फिरत होते. एका ठिकाणी हगवणीने आजारी असलेला भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला त्यांना दिसला. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलले आणि बिछान्यावर ठेवले.

ही कथा आपण करुणेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण परिचारिकेच्या नजरेने पाहिले तर तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, आजारी माणूस सापडला तो पाहणीमुळे. तथागत जागा बघायला निघाले होते. दुसरी, त्यांनी नंतर भिक्खूंना नुसते बोल लावून सोडले नाही. गुरूने शिष्याची, शिष्याने गुरूची, सोबत्याने सोबत्याची शुश्रूषा करावी आणि ज्याचे कुणीच नाही त्याची जबाबदारी संघाने घ्यावी, अशी व्यवस्था लावून दिली. पाहणी आणि व्यवस्था. दवाखान्याबाबत आपल्याला हेच दोन करायचे आहे.

हे नवीन शास्त्र नाही

व्हिएन्ना शहरात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुईणी शिकत, दुसऱ्यात वैद्यकीय विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने फार बायका मरत. सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणींच्या तपासणीला येतात. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या विभागात १८४६ साली शेकडा ११ हून जास्त बायका दगावल्या होत्या. १८४८ साली ते प्रमाण शेकडा दीडच्याही खाली आले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी तुर्कस्तानात स्कुटारीच्या रुग्णालयात गेल्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मरत होते. रुग्णालयाची इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती. १८५५ मध्ये गटारे साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यू झपाट्याने घटले. पुढे आयुष्यभर त्या रुग्णालयांच्या बांधणीबद्दल लिहीत राहिल्या. दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या असलेले जे लांब जुने वॉर्ड आपण पाहतो, ती त्यांच्याच विचाराची देणगी.

आणि आपल्या सावित्रीमाई. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा डॉक्टर यशवंतांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत दवाखाना उघडला. दाट वस्तीतून रुग्णाला मोकळ्या हवेत न्यायचे, हा त्या काळी फार शहाणा निर्णय होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीमाईंनी स्वतः उचलून तिथे आणले. तिथेच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. माईंच्या त्यागाला आपण वंदन करतो. त्यांनी निवडलेल्या त्या मोकळ्या माळाकडेही लक्ष द्यायला हवे.

हवा : उघडी खिडकी हे औषधच

टीबीचे जंतू हवेतून पसरतात. रुग्ण खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला तरी अतिशय बारीक कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. गोवर, कांजिण्या आणि कोरोनाही हवेतून असेच पसरतात. खोलीतली हवा जितक्या वेळा बदलेल तितके हे कण कमी होतात.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत संशोधकांनी हवा मोजली. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत खिडक्या-दारे उघडल्यावर हवा सर्वांत जास्त खेळत होती. नव्या, बुटक्या छताच्या इमारती मागे पडल्या. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्याही त्या जुन्या वॉर्डांच्या मागेच होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितले की नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या साध्या वॉर्डात दर रुग्णामागे दर सेकंदाला सरासरी ६० लिटर ताजी हवा मिळायला हवी, आणि हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोल्यांत १६०.

आपल्याकडे होते काय? जुन्या वॉर्डात प्लायवूडचे पार्टिशन घालून दोन खोल्या होतात आणि समोरासमोरच्या खिडक्यांची जोडी तुटते. छताला खोटे छत बसते, वरचे झरोके बंद होतात. मग भिंतीवर एसी येतो. लोकांना वाटते, वॉर्ड सुधारला. पण भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. एका खोकणाऱ्याची हवा सगळ्यांना वाटून दिली जाते.

काही वेळा खिडकी आपण स्वतः बंद करतो. डास येतात, थंडी वाजते, मोबाईल चोरीला जातो, म्हणून चादर लावतो. डासांवर उपाय जाळीचा आहे. थंडीवर उपाय पांघरुणाचा. बाळाची खाट वाऱ्याच्या थेट झोतात नको, बाळाला टोपी घाला, आईच्या छातीशी धरा, पण खोलीची हवा कोंडू नका. ओपीडीच्या रांगेत खोकणारा माणूस असेल तर त्याला मास्क द्या आणि उघड्या व्हरांड्यात बसवा. यात त्याचा अपमान नाही. औषध नीट चालू झालेल्या टीबीच्या रुग्णाला वाळीत टाकणे हा मात्र अपमानही आहे आणि अडाणीपणाही. आपल्या दहा बाय दहाच्या घरांनाही हाच नियम लागू आहे.

नजर : जो दिसतो तो वाचतो

वॉर्डात सिस्टरचे टेबल कुठे आहे याकडे कधी लक्ष दिले आहे का? त्या टेबलावरून जे रुग्ण दिसतात त्यांच्या श्वासातला बदल, घाम, चेहऱ्याचा रंग कामातून मान वर केली तरी कळतो. खांबामागचा, पार्टिशनपलीकडचा, व्हरांड्यातला रुग्ण दिसत नाही. त्याच्यापर्यंत सिस्टर पोहोचते ती फेरीच्या वेळी, किंवा नातेवाईक धावत आल्यावर.

वस्तीतला माणूस बहुधा रात्री उशिरा, दुखणे हाताबाहेर गेल्यावर कॅज्युअल्टीतून भरती होतो. तोवर खाटा भरलेल्या असतात. मग गादी जमिनीवर किंवा व्हरांड्यात. तिथे ऑक्सिजनची जोडणी नसते, सलाईन अडकवायला खिळा नसतो, बेल नसते, रात्री पुरेसा उजेडही नसतो. जमिनीवरच्या रुग्णाला नस शोधून सुई लावायला सिस्टरला गुडघ्यावर बसावे लागते. साठ रुग्णांमागे दोन सिस्टर असताना कुणाकडे कमी वेळा जाणे होईल, हे सांगायला नको.

सर्वांत मोठा धोका बाळंतिणीला असतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. तो पांघरुणाखाली, आवाज न करता होतो. पहिल्या दोन तासांत तर बाई सतत नजरेसमोर हवी. म्हणून आमचे सांगणे आहे की बाळंतीण वॉर्डात आली की "खाट टेबलाजवळ द्या" अशी विनंती करा. पॅड भराभर भिजत असेल, चक्कर येत असेल, हातपाय गार पडत असतील तर फेरीची वाट पाहू नका, लगेच सांगा.

उजेडाचेही तसेच. सारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या बाटल्यांवरची बारीक अक्षरे मिणमिणत्या ट्यूबखाली वाचून औषध भरावे लागते, तेव्हा चुकीचे औषध जाण्याची भीती असते. सिस्टर इंजेक्शन भरत असेल तेव्हा तिला प्रश्न विचारू नका. दोन मिनिटे थांबा. ही आपल्याच रुग्णाची सुरक्षा आहे.

संडास : जिथे म्हाताऱ्या पडतात

दवाखान्यात पडणे ही फार मोठी दुखापत आहे, विशेषतः साठीच्या पुढे. आणि पडण्याची ठरलेली जागा म्हणजे संडास-बाथरूमचा रस्ता. फरशी ओली, उंबरा उंच, बल्ब गेलेला, धरायला काही नाही. बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा उठताना चक्कर येतेच. त्या वेळी भिंतीला घट्ट बसवलेला लोखंडी दांडा असला तरी माणूस सावरतो.

आणखी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. संडासाचे दार आत उघडणारे असेल आणि रुग्ण आत कोसळला तर त्याचेच अंग दाराला अडते. बाहेरचे ढकलत राहतात, दार उघडत नाही. आम्ही हे पाहिले आहे. सुतार येईपर्यंतची ती मिनिटे विसरता येत नाहीत. दार बाहेर उघडणारे आणि कडी बाहेरून काढता येणारी हवी. खर्च किती? एका बिजागरीचा.

जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक सांगतो की भरती रुग्णांत दर २० जणांमागे किमान एक चालू संडास हवा. स्त्रियांसाठी वेगळा आणि आतून बंद होणारा हवा. हे नसले की आपल्या बायका काय करतात, ते आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. पाणी प्यायचेच कमी करतात, लघवी दाबून धरतात. मग लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, जळजळ. औषध एका आजारासाठी चालू आणि दुसरा आजार वॉर्डाने दिलेला.

आग : भंडारा विसरता येत नाही

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. सात वाचवता आली, दहा गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला आणि किमान ११ रुग्ण मृत्युमुखी पडले.

आग अशाच कक्षांत इतकी घातक का ठरते? तिथे वॉर्मर, मॉनिटर, व्हेंटिलेटर, एसी अशी यंत्रे चोवीस तास चालू असतात. वायरिंग मात्र अनेकदा जुन्या हिशोबाने घातलेली असते. ऑक्सिजन गळत असेल तर साधी ठिणगीही भडकते. खिडक्या बंद असतात, त्यामुळे धूर कोंडतो, आणि ज्वाळेच्या आधी धूरच मारतो. शिवाय आतला रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही. बाळ तर नाहीच नाही.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, घेऊन अग्निशमन खात्याकडे द्यावे लागते. आपल्या दवाखान्याचे शेवटचे प्रमाणपत्र कधीचे आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पण कागदाबाहेरही बघा. नातेवाइकांची गर्दी आवरायला दुसऱ्या जिन्याचे दार कुलूप लावून ठेवलेले असते. जिन्याखाली मोडक्या खाटा आणि गाद्या रचलेल्या असतात. लाल नळकांडे भिंतीला असते, पण ते चालवायचे कसे हे रात्रपाळीत कुणालाच माहीत नसते. आपलेही काही चुकते. यंत्राच्या सॉकेटला मोबाईल लावणे, ऑक्सिजनजवळ उदबत्ती पेटवणे, व्हरांड्यात स्टोव्हवर चहा करणे, जिन्यात अंथरूण टाकणे हे सगळे आपण बंद केले पाहिजे.

झोप आणि आवाज

झोप मिळाली नाही की दुखणे जास्त वाटते आणि वयस्कर रुग्ण गोंधळतात, बडबडू लागतात. रॉजर अल्रिच या संशोधकाने १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. हा नियम गणपतीच्या आणि नवरात्राच्या मिरवणुकांना जसा लागू आहे, तसाच १४ एप्रिलच्या आपल्या मिरवणुकीलाही आहे. बाबासाहेबांच्या नावाचा जयघोष जरूर व्हावा, पण आत ऑपरेशन झालेली आपलीच बहीण असेल, नुकते जन्मलेले आपलेच लेकरू असेल. दवाखान्यापुढे डीजे बंद करून हात जोडून पुढे जाणारी मिरवणूक ही बाबासाहेबांना शोभणारी मिरवणूक आहे.

अंतर : भिंत आणि जात

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लेखनात बाबासाहेबांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. ती १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त पत्ररूपाने छापून आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती आणि नवऱ्याने बायकोच्या. परतही त्याच वाटेने. हात न लावता निदान झाले. बाई वाचली नाही.

आज कायदा बदलला आहे. पण रुग्ण आणि उपचार यांच्यात किती अंतर असेल, हे आजही कुणीतरी ठरवत असते, आणि ते अंतर इमारतीत दिसते. खासगी खोलीतल्या रुग्णाला बेल आहे, व्हरांड्यातल्याला नाही. प्रसूतीच्या खोलीत दोन टेबलांमध्ये पडदा नसतो आणि कळा देणाऱ्या बाईला दहा जणांसमोर उघडे पडून राहावे लागते. वर ओरडा खावा लागतो. लाजेने आखडलेल्या बाईच्या कळाही मंदावतात. पडदा ही चैन नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक स्त्री नातेवाईक ठेवण्याची मुभा दिली. "जागा नाही, दुसऱ्यांचे अंग दिसते," असे सांगून ती नाकारली जाते. पडदा लावला की हे कारण उरत नाही.

अंतराचा दुसरा बळी आपलाच आहे. वॉर्डातली मावशी, झाडूवाला मामा, कचरा उचलणारी कंत्राटी बाई कोणत्या वस्तीतून येतात, ते तुम्हाला माहीत आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार प्रकार ठरले आहेत. सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात जायला हव्यात. तो डबा खाटेपासून लांब असेल तर सुई ट्रेमध्ये पडून राहते, ट्रेमधून पिशवीत जाते आणि पिशवी उचलणारीच्या मांडीत घुसते. याच नियमांनुसार या सर्व कामगारांना कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे, मग ती कंत्राटी का असेना. सुई टोचली तर जखम पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच डॉक्टरला सांगावे. एचआयव्ही टाळण्याचे औषध शक्यतो दोन तासांत, आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते.

मग आपण काय करायचे?

एक गैरसमज आधी दूर करू. उद्धट बोलणाऱ्या, पैसे मागणाऱ्या, हाक मारूनही न येणाऱ्या कर्मचाऱ्याला इमारतीचे कारण सांगून माफी मिळत नाही. त्याची तक्रार कराच. पण मारहाण, काचा फोडणे यातून नळ बसत नाही. सिस्टर बदली होऊन जाते, खांब तिथेच राहतो. पुढच्या वर्षी त्याच खांबामागे दुसऱ्या कुणाची तरी लेक पडलेली असते.

आम्ही काही जणींनी एका सरकारी दवाखान्यात विहारातल्या महिला मंडळाला घेऊन पाहणी केली. अधीक्षकांची परवानगी घेतली, रुग्णांना त्रास नको म्हणून पाचच जणी गेलो, वहीत लिहून काढले. कुणाचेही नाव घेतले नाही, फक्त वस्तूंची यादी दिली. बाळंतिणींच्या वॉर्डात दुसरे बेसिन, संडासात दांडे, दुसऱ्या जिन्याचे कुलूप काढणे, टीबीच्या ओपीडीची रांग व्हरांड्यात नेणे. रांग दुसऱ्याच आठवड्यात हलली, कारण तिला पैसे लागत नव्हते. दांडे तीन महिन्यांनी लागले. कुलुपासाठी अग्निशमन खात्याला पत्र लिहावे लागले. बेसिन अजून मिळालेले नाही, आम्ही मागतोच आहोत. त्या वॉर्डातल्या सिस्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "हेच आम्ही पाच वर्षे लिहून देतोय."

सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे काही निधी असतो. तिचे सदस्य कोण, बैठक कधी झाली, पैसा कशावर गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. महापालिकेचा दवाखाना असेल तर विभाग कार्यालय आणि नगरसेवक यांच्याकडे लेखी द्या, पोच घ्या. स्वच्छ दवाखान्यांना बक्षीस देणारी 'कायाकल्प' योजना २०१५ पासून आहे. आपला दवाखाना त्यात उतरला आहे का, तेही विचारा.

दवाखान्यात गेल्यावर पाच मिनिटांत एवढे पाहा :

१. खाटेजवळ सॅनिटायझरची भरलेली बाटली आहे का? जवळचा चालू नळ कुठे? साबण आहे का?

२. समोरासमोरच्या खिडक्या उघडतात का? जाळी आहे का?

३. सिस्टरच्या टेबलावरून आपला रुग्ण दिसतो का? नसेल तर हाक कशी मारायची, हे विचारून घ्या.

४. संडासात उजेड, कोरडी फरशी, धरायला दांडा आहे का? दार कोणत्या बाजूला उघडते? म्हाताऱ्या माणसाला आणि नव्या बाळंतिणीला एकटे पाठवू नका.

५. बाहेर जायचा दुसरा रस्ता कुठे? तो उघडा आहे का? रात्रीच तो चालून पाहा.

६. सुयांचा पांढरा डबा जवळ आहे का?

७. प्रसूतीच्या खोलीत पडदा आहे का? सोबतीला कोण राहणार, हे आधी ठरवले आहे का?

ही यादी कापून विहाराच्या फळ्यावर लावा. महिन्यातून एकदा तीन-चार जणींनी वही घेऊन आपल्या भागातल्या दवाखान्यात जायचे ठरवा. तथागत पाहणीला निघाले होते म्हणून तो भिक्खू सापडला. आपणही निघू या.

जयभीम!